सरांच्या नावाने काय करायचं?

आमच्या घरात सरांचे दोन विद्यार्थी. एक माझी बायको आणि दुसरा माझा धाकटा भाऊ. मी स्वतः सरांकडे शिकलो नाही. ते गावच्या हायस्कुलात रुजू झाले तेव्हा मी जुनी अकरावी मॅट्रिक होऊन साताऱ्यात नोकरीला लागलो होतो. गाव माण-खटावकडचं, पावसाच्या बाबतीत कायम उणं. 1972 चा दुष्काळ सरून थोडेच दिवस झाले असतील, तेव्हा सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला एक तरुण त्या गावात आला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. बदलीसाठी खटपट केली नाही, तालुक्याच्या गावी बिऱ्हाड हलवलं नाही. निवृत्तीनंतर मात्र सर सांगलीला परतले आणि या उन्हाळ्यात तिथेच गेले.

शाळेत शोकसभा झाली. सरांच्या नावाने काहीतरी कायमचं करावं असं माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं आणि सूचना मागवल्या. त्यावरून आमच्याकडे जो वाद झाला तो इथे मांडतो आहे, कारण अशा शोकसभा गावोगाव होतात, फोटोला हार पडतात, एक ढाल किंवा एक बक्षीस जाहीर होतं, आणि सर नेमकं काय करत होते हे सांगायचंच राहून जातं. मला ते राहू द्यायचं नाही.

दोघांची ओळख थोडक्यात. बायको शाळेत इंग्रजीत पहिली यायची, पुढे बी. एड. करून तिने साताऱ्यात हायस्कूलच्या मुलांना इंग्रजीच शिकवलं. भाऊ दहावीला इंग्रजीत गेला आणि आमच्याकडच्या शेकडो पोरांसारखा गलाईच्या धंद्याला लागला. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातली माणसं देशभर जुनं सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. भावाचं दुकान कोइमतूरला. आता ते मुलाच्या हाती देऊन तो विट्यात राहतो. दोघं एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात तीच इथे ठेवली आहेत.

भावजी : वहिनी, माझं पक्कं ठरलंय. दहावीला इंग्रजीत जो पहिला येईल त्याला दरसाल सोन्याचं नाणं द्यायचं. एका बाजूला शाळेचं नाव, एका बाजूला सरांचं. खर्च सगळा माझा. कमिटीने एक पैसा घालायचा नाही.

वहिनी : आणि जो इंग्रजीत जाईल त्याला काय देणार?

भावजी : त्याला काय द्यायचं? त्याला पुढच्या वर्षी नाणं मिळवायची जिद्द येईल.

वहिनी : तुम्हाला आली होती?

भावजी : माझी गोष्ट वेगळी. तेव्हा नाणंच नव्हतं. वहिनी, गावातल्या पोराला डोळ्यांसमोर काहीतरी मोठं दिसावं लागतं. आमच्या वेळी मोठं म्हणजे कोण? सुट्टीला गावी आलेला गलाईवाला. अंगठ्या, सफारी, जीप. इंग्रजी शिकून मोठा झालेला एकही माणूस आम्ही पाहिला नव्हता. सर होते, पण सरांच्या पायात तर वर्षानुवर्षं तीच चप्पल! सोन्याचं नाणं हातात घेतलेल्या पोराचा फोटो पेपरात आला, की बाकीची पोरं बघतील. सोन्याला लोक मान देतात. सरांना तो मान मिळायला पाहिजे.

वहिनी : भावजी, सोनं द्यायला माझा विरोध नाही. ते कुणाला देताय यावर माझं भांडण आहे. पहिला येणाऱ्या मुलाला सरांची गरज सगळ्यात कमी होती. मला विचारा ना, मीच होते ती. घरी वडील वाचायला बसवायचे, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरात होती. सर नसते तरी मी पास झालेच असते. सर पहाटे उठून यायचे ते माझ्यासाठी नव्हे, कच्च्या मुलांसाठी. त्यांच्या नावाने करायचं तर तो सकाळचा तासच पुन्हा सुरू करा.

इथे मला थोडं थांबून त्या सकाळच्या तासाबद्दल सांगायला हवं, कारण शोकसभेत त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला गेला. शाळा अकराची. सर साडेसातला व्हरांड्यात येऊन बसत. फी नाही, सक्ती नाही. शाळू निसवायला लागला की पोरं राखणीला जायची. ती गोफण कमरेला खोचूनच तासाला यायची आणि ऊन चढायच्या आत रानात पळायची. सर शुद्धलेखन घालताना मुलांच्या पाठीमागे उभे राहत. ओठ दिसले की मुलं ओठांवरून अंदाज बांधतात, कानाला काम लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. वह्या तपासताना चुकलेला शब्द कापत नसत. चुकलेल्या अक्षराखाली शिसपेन्सिलीने बारीक टिंब देत. कोणतं अक्षर हवं होतं ते मुलाने शोधायचं. सापडलं की टिंब खोडरबराने पुसायचं आणि वही परत दाखवायची. वर्षाअखेर कितीही कच्च्या मुलाची वही पाहिली तरी ती स्वच्छ दिसे. हे सगळं मला बायकोने सांगितलं. ती स्वतः नोकरीभर मुलांच्या वह्यांत असंच टिंब देत आली.

भावजी : सकाळचा तास मला नका सांगू, वहिनी. मी त्या तासाचाच. पण तुम्ही म्हणता तसा नापास पोरांचा वर्ग काढला ना, तर त्याला काळं कुत्रं फिरकणार नाही. नापासाचा शिक्का कपाळावर मारून कोण बसेल? मी तरी बसलो नसतो. निकाल लागला तेव्हा सर घरी आले होते. ऑक्टोबरला बस म्हणाले, दोन महिने रोज येऊन शिकवतो म्हणाले. मी माळ्यावर लपून बसलो होतो. खाली सर आमच्या आबांशी बोलताहेत आणि मी वर कडब्यात. आबा म्हणाले, पोरगं मामाबरोबर कोइमतूरला चाललंय. सर चहा न घेता गेले. सरांच्या समोर जायची लाज वाटली म्हणून मी पुढची चार वर्षं दिवाळीला गावी आलो तरी शाळेकडच्या रस्त्याने गेलो नाही. असली लाज तुम्हाला माहीत नाही. तुम्ही पहिल्या.

वहिनी : म्हणूनच सर नापासांचा वर्ग घेत नसत. आठवून बघा, सकाळच्या तासाला आम्ही हुशार म्हणवणारी पोरंही होतो. आम्हाला त्यांनी मुद्दाम बोलावलेलं. प्रत्येकाच्या शेजारी एक जण द्यायचे. वाचन तुम्ही करायचं आणि चूक आम्ही दाखवायची नाही, फक्त वहीवर बोट ठेवायचं, तुम्ही पुन्हा वाचायचं. बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही की यातला कच्चा कोण. ही युक्ती मी बी. एड.ला शिकले नाही. आणि भावजी, मला सांगा, त्या तासातून तुम्हाला काय मिळालं? मार्क सोडून बोला.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने तारेची गोष्ट काढली. आजच्या मुलांना सांगावं लागेल की तार म्हणजे टेलिग्राम. ही सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. आमच्या गावातली निम्मी कर्ती माणसं मुंबईला गिरणीत नाहीतर परमुलखात गलाईवर. तार इंग्रजीत यायची आणि बहुतेक वेळा वाईट बातमीच घेऊन यायची. पोस्टमन सायकलवरून दिसला आणि त्याच्या हातात तारेचा कागद असला की बायका उंबऱ्यातच बसकण मारायच्या. वाचून कोण दाखवणार? शाळेतले इंग्रजीचे सर. वर्गाच्या दाराशी पोस्टमन उभा राहिला की सर खडू ठेवायचे, तार वाचायचे आणि स्वतः त्या घरी चालत जायचे. गावातल्या कितीतरी मरणांची बातमी अशी सरांच्या तोंडून घराघरांत गेली. इंग्रजीच्या शिक्षकाच्या वाट्याला हे काम येतं, याचा उल्लेख कुठल्याही अभ्यासक्रमात नसेल. पुढे सरांनी नववीच्या मुलांना तारच शिकवायला घेतली. फळ्यावर चार शब्दांच्या तारा लिहायच्या आणि मुलांनी मराठीत अर्थ सांगायचा. मनीऑर्डरचा फॉर्म, पाकिटावरचा पत्ता, रेल्वेच्या तिकिटावरची अक्षरं. घरटी एक जण तरी तार वाचणारा हवा, एवढाच त्यांचा हिशोब.

भावजी : आबा गेले तेव्हा तार आली. दुकानात भट्टी चालू होती, मूस आत होती. तार घेऊन आलेला माणूस तमिळ बोलणारा. आजूबाजूला मराठी वाचणारं कुणी नाही आणि इंग्रजी वाचणारा दुकानात मी एकटा. फादर एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली. फळ्यावर सरांनी हेच शब्द लिहिले होते, वहिनी, अगदी याच क्रमाने. मी वाचली. कुणाच्या पाया पडावं लागलं नाही, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. माझ्या बापाची बातमी मी स्वतः वाचली. त्या दिवाळीला मी सरांकडे गेलो आणि पाय धरले. तोवर धीर झाला नव्हता.

वहिनी : आणि बोर्डाच्या कागदावर तुम्ही इंग्रजीत नापास.

भावजी : होय.

वहिनी : मग सांगा, तुमचं नाणं सरांचं कोणतं काम मोजणार? सरांनी तुम्हाला जे दिलं ते गुणपत्रिकेत आलंच नाही. तुमच्या धंद्यात दागिना हातात घेऊन चकाकीवर भाव सांगतात का? टंच काढता ना आधी? इथे मात्र नुसत्या चकाकीला सोनं द्यायला निघालात.

भावजी : वहिनी, धंद्याचं बोलू नका, त्यात मी ऐकणार नाही. टंच काढायला तुकडा तेजाबात घालावा लागतो. पोरांचं तसं कसं करणार? मार्क हाच आपल्या हातातला काटा आहे. आणि माझं दुसरंही ऐका. माणूस शिक्षकाला कशासाठी लक्षात ठेवतो? शिकवण्यासाठी नाही. मायेसाठी ठेवतो. साताऱ्याचंच उदाहरण घ्या. बाबासाहेब 7 नोव्हेंबर 1900 ला इथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात. त्यांनी आंबेडकर मास्तरांची आठवण पुढे 1947 ला सांगितली. काय सांगितलं? मास्तर फारसं शिकवत नसत, पण जीव लावत. घर लांब, मधल्या सुट्टीत जेवायला तिकडे जावं लागे, म्हणून रोज आपल्या फडक्यातली भाकरी-भाजी त्या पोराला देत. आडनाव दिलं ते वेगळंच. शिकवण्याचं नाव नाही आणि तरी गोलमेज परिषदेला जाताना मास्तरांनी पाठवलेलं पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवलं. माया मोठी. मायेची आठवण सोन्यात ठेवायची तर तुम्ही आडव्या येता.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. बायकोलाही वाटला असावा, कारण ती लगेच बोलली नाही. मग जे बोलली ते मला भावाच्या मुद्द्याहून खरं वाटलं.

वहिनी : त्याच साताऱ्यात त्या मुलाला वर्गात बाजूला बसावं लागत होतं, गोणपाटावर. ते विसरून भाकरीची गोष्ट सांगता येत नाही. मास्तरांनी त्याला भाकरी दिली तिची किंमत त्या गोणपाटामुळे आहे. आणि भावजी, ती भाकरी रोजची होती. वर्गात पहिला आलास म्हणून दिलेली नव्हती, वर्षातून एकदा स्टेजवर बोलावून दिलेली नव्हती. भूक लागते म्हणून रोज दिलेली. तुम्ही माया म्हणता ती हीच ना? मग तुमचं नाणं या गोष्टीत बसतं कुठे, मला दाखवा. सोन्याचीच गोष्ट हवी असेल तर साताऱ्यात तीही आहे. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ते सोनं पोरांच्या ताटात गेलं. पहिला कोण, दुसरा कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

याला जोडून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. कर्मवीर अण्णांची रयत शिक्षण संस्था 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी निघाली आणि 1924 ला साताऱ्यात आली. तिच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ त्यांनी इंग्रजीत नेलं. गरीब मुलाला दोन वेळचं जेवण आणि इंग्रजी एकाच छपराखाली मिळालं, म्हणजे काय घडतं हे आमच्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. तेव्हा बायकोचं म्हणणं भाबडं आहे असं कुणी समजू नये.

भावजी : तुम्ही मास्तरीण, तुमच्याशी बोलण्यात मी हरणार. पण शोकसभेतही तुम्ही सरांविषयी वाकडं बोललात. ते मला लागलं. सगळे देवमाणूस म्हणत होते आणि तुम्ही छडीची गोष्ट काढली.

वहिनी : काढली, आणि पुन्हा काढीन. वही आणली नाही म्हणून सरांनी एका मुलाला मारलं. धनगरवाड्यावरचा होता. वही घ्यायला पैसे नव्हते, हे सरांना नंतर कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. सर त्याच्या वाड्यावर गेले तर कळप घेऊन सगळे खाली गेले होते, पोरगंही बरोबर. तो परत शाळेत आलाच नाही. त्यानंतर सरांच्या हातात छडी दिसली नाही आणि टेबलाच्या खणात कोऱ्या वह्यांचा गठ्ठा दिसायला लागला. कुणी मागितली तर द्यायचे, कुणाला दिली ते लिहून ठेवायचे नाहीत. देवमाणूस म्हटलं की ही गोष्ट सांगता येत नाही. आणि ही गोष्ट सांगितली नाही तर तो गठ्ठा कुठून आला हेही कळत नाही. आत्ता तिथे शिकवणाऱ्या पोरसवदा शिक्षकांना देव कशाला हवा? चुकल्यावर काय करायचं, ते त्यांना कळायला हवं.

भावजी : पण ते भरल्या सभेत सांगायचं?

वहिनी : सर असते तर त्यांनी स्वतः सांगितलं असतं. 2008 ला सांगलीत साहित्य संमेलन भरलं, आठवतं? अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि लिहिलं मराठीत. सरांना त्यांचा फार अभिमान. मी मांडवात भेटले तर सरांनी बरोबरच्या लोकांना माझी ओळख करून दिली आणि लगेच म्हणाले, ही हुशार होती, हिच्यात माझं काही नाही. माझा खरा विद्यार्थी मेंढरांमागे गेला. इतक्या वर्षांनी, भर संमेलनात.

भावाला हे ठाऊक नव्हतं. तो उठला, गॅलरीत जाऊन आला. मी चहा ठेवला. परत आल्यावर त्याचा आवाज उतरला होता, पण त्याने मुद्दा सोडला नव्हता, आणि मला त्याचं तेच आवडतं.

भावजी : बरं. पण आता तार कुठाय, वहिनी? मनीऑर्डर कुठाय? इंग्रजी 2000 सालापासून पहिलीपासून आहे. माझी नातवंडं कोइमतूरला इंग्रजी शाळेत, फडाफडा बोलतात. तालुक्याला इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या फिरताहेत. सकाळच्या तासाला कोण येणार?

वहिनी : पिवळी गाडी ज्यांच्या दारात येत नाही, ते. पहिलीपासून इंग्रजी आहे हे खरं. पण पाचवीतल्या मुलासमोर पुस्तक धरून बघा, किती जण ओळ वाचतात ते. तार गेली, पण मिरजेच्या दवाखान्यातून आणलेला रिपोर्ट आहे. तो कोणत्या भाषेत असतो? औषधाच्या फवारणीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, कर्जाचे कागद, बँकेचा मोबाइलवर आलेला निरोप. गावात आजही कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं. फक्त खडू ठेवून घरापर्यंत चालत जाणारे सर आता नाहीत. तुमच्या नाण्याच्या पैशांत गावातली एखादी शिकलेली मुलगी सकाळच्या तासाला बसू शकते. तिला पगार द्या, चांगला द्या. फुकट राबवू नका. सर करत होते, ते त्यांचं ते करत होते. पहिले सहा महिने मी दर शनिवारी एस. टी.ने जाईन, तिला टिंब द्यायला शिकवीन.

भावजी : आणि हुशार पोरंही बोलवायची. शेजारी बसवायला.

वहिनी : बोलवायचीच.

भावजी : कोऱ्या वह्या माझ्याकडून. मोजायच्या नाहीत. पण वर्गावर सरांचं नाव लागेल आणि आत सरांचा मोठा फोटो लागेल. त्यात मी ऐकणार नाही.

वहिनी : नाव लावा. फोटो नको. पोरं फोटोच्या पाया पडतील आणि वही घरी विसरतील.

भावजी : पडू द्यात की पाया! मी नाही पडलो?

वहिनी : तुम्ही तार वाचून मग पडलात.

भावजी : फोटो लागणार, वहिनी. फ्रेम मी विट्यात करायला टाकलीसुद्धा.

वहिनी : मग तो मागच्या भिंतीवर लावा. शुद्धलेखन घालताना सर तिथेच उभे असायचे.